चाळीसच्या वेगाला दोष आढळला नाही

ताशी ऐंशीच्या वेगात असलेल्या गाडीला ब्रेक लावला असता स्टिअरिंग थरथरते, अशी तक्रार सौंसरचे संत्रा रोपवाटिकावाले बापूजी घागरे यांनी वर्कशॉपमध्ये रीतसर नोंदवली. त्या वेळी ते हयात होते. चाळीसच्या वेगाला ब्रेक लावला तर काही होत नाही, साठला जरा जाणवते, आणि ऐंशीला चालू पिठाच्या चक्कीला हात लावल्यासारखे वाटते, असेही त्यांनी सांगितले. तक्रार इतकी स्पष्ट होती की तिच्यावर कार्यवाही करणे अवघड होऊन बसले.

वर्कशॉपच्या नियमानुसार तक्रारीची खातरजमा चाचणी-फेरीशिवाय करता येत नसे, आणि चाचणी-फेरीत वेग चाळीसच्या वर नेता येत नसे. नियम ग्राहकाच्या सुरक्षेसाठी होता. शिवाय वर्कशॉपसमोरून बोरगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर ज्याने त्याने आपापल्या घरापुढे स्वखर्चाने गतिरोधक घातले होते, काहींनी तर वडिलांच्या स्मरणार्थ; त्यामुळे नियम मोडायची कोणाची इच्छा असती तरी सोय नव्हती. वर्कशॉपचा मॅनेजर भूपेंद्र स्वतः गाडी घेऊन गेला आणि प्रसन्न मुद्रेने परत आला.

"टकाटक हाये गाडी, बापूजी. चाळीसवर एक केस नाही हलला."

"चाळीसवर नाहीच येत भाऊ. ऐंशीवर ब्रेक मारला का येते."

"ऐंशीवर चालवाची आमाले परवानगी नाही जी."

"मग मी चालवतो. तुम्ही बसा बाजूले."

"ग्राहकाच्या बाजूले बसाचीपण परवानगी नाही."

बापूजी संयमी गृहस्थ होते. त्यांनी आणखी एक लक्षण सांगून पाहिले. "पायालेपण जाणवते. ब्रेकचं पेडल धडधडते."

भूपेंद्रच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी उमटली. "पायालेपण? मग तर लवकर दाखवून टाका बापूजी. अंगावर काढू नका."

ज्या अर्थी थरथर होती आणि ज्या अर्थी गाडीत दोष नव्हता, त्या अर्थी स्टिअरिंगला लागून असलेली दुसरी वस्तू तपासणे क्रमप्राप्त होते. ती वस्तू म्हणजे बापूजींचे हात. ते समोर धरायला सांगण्यात आले. वर्कशॉपमधली सगळी मंडळी हातातली कामे टाकून भोवती उभी राहिली. सत्तरीला टेकलेल्या माणसाने इतक्या लोकांसमोर हात पसरले, की बोटे किंचित हलतात. ती हलली. चाकांच्या अलाइनमेंटचे पैसे घेऊन गाडी परत देण्यात आली.

बापूजींची मुलगी हिमानी पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवते. हा सगळा प्रकार तिला नंतर बापूजींनीच सांगितला, हसत हसत. ते हसले तेव्हा तेवढ्यावर संपेल असे दोघांनाही वाटले होते.

सौंसरात बातमीला चाळीसची मर्यादा नाही. बाजारात भेटणारा प्रत्येक जण आधी बापूजींच्या हातांकडे आणि मग तोंडाकडे पाहू लागला. हिमानीचा धाकटा भाऊ मंगेश याने गाडीची चावी आपल्या कपाटात ठेवली. आई त्यांना चहा अर्धा कप देऊ लागली, सांडू नये म्हणून. शेजारचे पुंडलिकराव रोज संध्याकाळी येऊन, "आज कसं हाये?" असे हातांना उद्देशून विचारत. छिंदवाड्याच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, नागपूरच्या डॉक्टरने त्या बंद करून दुसऱ्या दिल्या. त्याच हिवाळ्यात बापूजींनी जंबेरी लिंबाच्या खुंटांवर संत्र्याचे डोळे भरले, म्हणजे कलमे केली. धारदार चाकूने सालीला नखाएवढी चीर द्यायची, तिच्यात नाजूक डोळा सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची, हे काम. हात जरा हलला तर डोळा वाया जातो. त्यांच्या जवळपास सगळ्या डोळ्यांना कोंब फुटले. ती रोपे आगाऊ सांगून ठेवणाऱ्यांत भूपेंद्र होता, पुंडलिकरावही होते. रोपे निवडताना दोघांनीही बापूजींना हातांची काळजी घ्यायला सांगितले.

वैशाखातल्या एका दुपारी बापूजी बाजेवर आडवे झाले ते उठले नाहीत. हृदय थांबले होते. वर्षभर हातांच्या इतक्या तपासण्या झाल्या होत्या की हृदयापर्यंत कोणी पोचलेच नव्हते. हृदयाबद्दल तशी तक्रारही नव्हती.

तेरवी झाली आणि हिमानी बापूजींची गाडी घेऊन पांढुर्ण्याला निघाली. सौंसर मागे पडल्यावर रस्ता मोकळा मिळाला, काटा ऐंशीवर गेला, आणि एका वळणाशी शेतातून ट्रॅक्टर आडवा आला. तिने ब्रेक लावला. स्टिअरिंग तिच्या हातात थडथडले आणि वेग उतरताच शांत झाले. ट्रॅक्टर निघून गेला. तिने पुन्हा ऐंशी गाठली आणि रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम ब्रेक लावला. मग पुन्हा. तेरवीपर्यंत जे रडणे आले नव्हते ते त्या रस्त्यावर आले.

आता तिला एकच गोष्ट हवी होती. दोष गाडीत होता, एवढे वाक्य भूपेंद्रने म्हणावे आणि ते आईने आपल्या कानांनी ऐकावे. मुलीच्या सांगण्यावर आईचा विश्वास बसला नसता. तिच्या दृष्टीने निदान वर्कशॉपने केले होते आणि त्यावर दोन शहरांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या.

हिमानी वर्कशॉपमध्ये शिरताच भूपेंद्र उठून उभा राहिला. "वाईट झालं ताई. माझ्या बगिच्यातलं अर्धं झाड त्याईच्या हातचं हाये."

"भूपेंद्रभाऊ, गाडी थरथरते. ऐंशीवर."

त्याने पेन खाली ठेवले. "अरे अरे. तुम्हालेपण?"

"मला नाही. गाडीला."

"बापूजीपण असंच म्हणत. खानदानी राहते ताई हे. आमच्या मामाकडे शुगर अशीच आली. हात धरा बरं समोर."

हिमानीने हात समोर धरला. तो थरथरला, संतापाने. पण वर्कशॉपच्या निकषांत संतापाला वेगळा रकाना नव्हता.

मग तिने कंपनीच्या वरच्या कार्यालयाकडे अर्ज केला. ऐंशीच्या वेगाने चाचणी घेण्यास विशेष बाब म्हणून मंजुरी आली. अट एकच होती: गाडी चालवणाऱ्याच्या हातांना कंप नसावा. घरातला वाद कायमचा मिटवावा म्हणून मंगेश पुढे झाला. "मी चालवतो ताई. माझे हात म्हणजे दगड हायेत." तो जोरात गेला आणि सावकाश परत आला. घरी येऊन त्याने दोन्ही हात उशीखाली घातले.

"ताई, मलेपण झालं."

"अरे, तुला काही झालं नाही. ती गाडी आहे!"

"कायची गाडी? बापूजीले झालं, तुले झालं, मले झालं. तिघाईले एकसारखंच. मतलब बिमारी पक्की हाये." त्या रात्रीपासून तो बापूजींच्या उरलेल्या गोळ्या घेऊ लागला.

मंगेश अपात्र ठरल्यामुळे मंजुरी वाया जाऊ नये म्हणून भूपेंद्रला स्वतः जावे लागले. परत आल्यावर त्याने गाडी जागेवर लावली. चावी टेबलावर ठेवली, थोडा वेळ आपल्या तळहातांकडे पाहिले आणि वैद्यकीय रजेचा अर्ज दिला. नागपूरहून कंपनीचा इंजिनिअर आला. तोही ऐंशीवर गेला, ब्रेक लावला, आणि परस्पर नागपूरला निघून गेला, चाळीसच्या वेगाने.

एकाच गाडीत बसलेल्या इतक्या लोकांना एकच विकार व्हावा, ही गोष्ट गंभीर होती. गाडी तपासण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण ती चाळीसच्या वेगाला निर्दोष ठरली होती आणि तो निर्णय अंतिम होता. सबब लोक तपासायचे ठरले. सौंसरच्या मंगल कार्यालयात भव्य हस्तकंप निदान शिबिर भरले. फीत कापताना मान्यवरांची कात्री इतकी हलली की फीत शेवटी हाताने तोडावी लागली. शिबिराची गरज तिथेच सिद्ध झाली. तपासणीची पद्धत स्थानिक होती. संत्र्याच्या रसाने काठोकाठ भरलेला पेला पसरलेल्या पंजावर ठेवून मंच ओलांडायचा. थेंब सांडला की रोगी. दुपारपर्यंत मंच इतका चिकट झाला की निरोगी माणसेही अडखळून रोगी ठरू लागली. सावरगावहून आलेल्या मंडळींनी पेला ठेवायच्या आधीच रस पिऊन टाकला, त्यामुळे त्यांचा अहवाल आजतागायत प्रलंबित आहे. पांढुर्ण्याने मात्र जाहीर निषेध केला. जिल्ह्याचे मुख्यालय आमचे आणि रोगी सौंसरचे जास्त, हे कदापि खपवून घेतले जाणार नाही, असे निवेदन देण्यात आले. पांढुर्ण्याला याहून मोठे शिबिर मंजूर झाले.

हिमानी भूपेंद्रच्या घरी गेली. तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर दोन्ही हात पालथे.

"भूपेंद्रभाऊ, आता तरी खरं सांगा."

त्याने आत कोणी ऐकत नाही ना ते पाहिले. "ब्रेकची डिस्क वाकडी हाये ताई, चाकातली चकती. समोरच्या चाकांच्या दोन्ही. जोरात जाताना ब्रेक दाबला का स्टिअरिंग थरथरते, मतलब समोरची डिस्क. पेडल धडधडते म्हणाले बापूजी, तवाच पक्कं झालं होतं. हे कोणालेपण समजते."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"आढळलं नाही ना." तो अगदी सरळपणे म्हणाला. "चाळीसवर आढळतच नाही ते. जे आढळलं नाही ते मी कसं लिहू? उद्या कंपनीनं विचारलं, तुले कसं समजलं, ऐंशीवर चालवली का, तर माझी नोकरी गेली."

"आणि ही रजा?"

"सगळे रोगी निघाले अन् मी एकटाच चांगला, हे कसं दिसते ताई? माणसानं चार लोकाईसंगं राहावं."

हिमानीने चावी त्याच्या पालथ्या हातावर ठेवली. "डिस्क बदलून द्या. आणि घरी येऊन आईला एकदा सांगा. एवढंच."

डिस्क बदलल्या गेल्या. एका दुपारचे काम निघाले. हिमानीने गाडी ऐंशीला नेली आणि ब्रेक लावला. स्टिअरिंग तिच्या हातात देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखे स्वस्थ राहिले. रविवारी भूपेंद्र शब्दाप्रमाणे घरी आला. पुंडलिकराव ओसरीवर होतेच. मंगेश आतून येऊन भिंतीला टेकला. आईने सगळ्यांना चहा दिला, सवयीने अर्धा अर्धा.

"बोला भूपेंद्रभाऊ," हिमानी म्हणाली.

भूपेंद्रने कप खाली ठेवला. पुंडलिकरावांकडे पाहिले, मंगेशकडे पाहिले. शिबिरात या दोघांचाही रस सांडला होता. दोघेही नियमाने गोळ्या घेत होते आणि त्यांना गुण येत होता.

"काकू," तो आईला म्हणाला, "गाडी आता एकदम मस्त चालून राहिली. बिलकुल थरथर नाही."

"मतलब?" आईने विचारले.

भूपेंद्रने खाली पाहिले. "मतलब, ताईचे हात बरे झाले."

ओसरीवर समाधान पसरले. मंगेशने स्वतःचे हात वर करून उजेडात पाहिले. पुंडलिकरावांनी मान हलवली. "शिबिराचा फायदा झाला म्हणायचा. बापूजीनं चार महिने कळ काढली असती, तर तेपण बरे झाले असते."

आईने पदर डोळ्यांना लावला. "नशीब," ती म्हणाली. "मी तर किती सांगत होती त्याईले, दाखवून घ्या, दाखवून घ्या."

हिमानी उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. ओसरीवरच्या माणसांत दुष्ट कोणी नव्हते. सगळ्यांनाच बापूजींबद्दल मनापासून वाईट वाटत होते, आणि ते तसेच, अपराधी न वाटता, वाटत राहण्यासाठी हात थरथरलेले असणे आवश्यक होते.

हे वाचताना आपणही मध्येच केव्हातरी हात समोर धरून बोटे न्याहाळली असतील. गाडीखाली वाकून पाहायचे मात्र मनात आले नसेल.