लाईट जाण्याची वाट पाहणारी फौज

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि मनात आणा की तुम्ही एका खोलीत बसला आहात. भिंतींना चहूकडून जुन्या गोधड्या ठोकल्या आहेत, छताला अंड्यांचे पुठ्ठे चिकटविले आहेत, मधोमध एक माइक उभा आहे, आणि तीन थोराड माणसे छतावरल्या दिव्याकडे टक लावून मनोमन विनवीत आहेत की, बाबा रे, आता विझ. साऱ्या मुलखात लोक लाईट यावी म्हणून तळमळतात आणि ही मंडळी लाईट जावी म्हणून बसली आहेत. असे का, हे ज्यास जाणणे असेल त्याने डोळे उघडावे आणि पुढील मजकूर सावकाश वाचावा. जुना शब्द आडवा आला तर घाबरू नये, आम्ही तेथेच उभे आहोत.

वऱ्हाड प्रांती, अकोले मुक्कामी, ताहेर नामे एक गानसरदार वास करीत असत. स्वतः गीत रचावे, स्वतः चाल बांधावी, स्वतः पेटी वाजवावी आणि कार्य उरकल्यावर ती पेटी स्वतःच डोईवर घेऊन बसथांब्याकडे कूच करावे, म्हणजे निघावे, असा त्यांचा शिरस्ता. सन दोन हजार चोवीस लागताच खासा स्वारी, म्हणजे खुद्द ताहेर, मुलूखगिरीस निघाली. जानेवारीत बडनेऱ्याचे लग्न मारिले, आणि फेब्रुवारीत धारणीच्या शाळेचे स्नेहसंमेलन. धारणीच्या वाटेवर मेळघाटात वळणे फार, आणि पेटीच्या भात्याची कडी तुटलेली, त्यामुळे दर वळणास भाता आपोआप उघडे आणि पेटी हंबरे. मग कंडक्टरसाहेबांनी झडती घेतली आणि बकरू पिशवीत घालून नेण्यास मनाई आहे असे फर्मान काढिले, आणि खाशांना भर बसमध्ये पेटी वाजवून आपण निर्दोष असल्याचे शाबीत करावे लागले.

परंतु सर्वांत मोठा विजय अकोल्यातच होता. शालिकराम भाजीवाले यांच्या हातगाडीच्या भोंग्यासाठी खाशांनी वांग्यांचे गीत रचिले होते, आणि ते इतके गाजले की गल्लोगल्ली पोरे तेच म्हणत. एके सकाळी ताहेर एका पोरास कौतुकाने म्हणाले, ‘‘बेटा, हे गानं माहं आहे बरं.’’ पोर पोट धरून हसले आणि म्हणाले, ‘‘काहीबी नका सांगू काका! हे त भाजीवाल्याचं आहे.’’

हा घाव खोल गेला. वर्षभर शंभर गळ्यांतून आपले शब्द फिरतात आणि आपल्या नावाचे एकही गाणे जगात नाही, ही सल खाशांना खाऊ लागली. मग त्यांनी मुदत बांधिली की हे साल सरण्याआधी एक गाणे आपल्या नावाने रेकॉर्ड करीन. आणि त्यांची कन्या सबीहा, उमर वर्षे नऊ, हिला वचन दिले की त्या गाण्याचे ध्रुवपद तू गाशील. मुलांना दिलेले वचन मोडले तर ते फार दिवस वाजत राहते, हे सर्व वडीलधाऱ्यांनी ध्यानी धरावे.

गाणे कसे सुचले तेही सांगतो. मार्च महिन्यात बापलेक रेल्वेने येत असता बडनेऱ्याच्या फलाटावर खासे पाण्याची बाटली भरण्यास उतरले. नळाची धार बारीक, खाशांचा स्वभाव सबुरीचा, आणि गाडी सुटली. तेव्हा सबीहा दारात उभी राहून अशी ओरडली की तीन डब्यांपर्यंत ऐकू गेले. खासे धावले, डब्यात चढले, आणि धाप लागलेली असतानाच तिकिटाच्या पाठीवर लिहिते झाले :

‘‘थांब वं गाडी, थांब जराशी,
अब्बा राहिले नळापाशी!’’

आता किल्ल्याची हकीकत ऐका. अमरावतीस राजापेठेच्या मागल्या गल्लीत मनोज नामे तज्ज्ञाचा स्टुडिओ होता, तोच वर सांगितलेला गोधड्यांचा. आणि त्यास लागूनच माणिकबाई यांची पिठाची गिरणी. गिरणी विजेवर चाले आणि स्टुडिओही विजेवर चाले, म्हणून लाईट असली की गिरणीचा गडगडाट माइकात शिरे. लाईट गेली की मात्र गिरणी मुकी होई, आणि मनोजपाशी इन्व्हर्टर असल्याने स्टुडिओ चाळीस मिनिटे जिवंत राही. सबब अमरावतीचे समस्त गाणारे त्या खोलीत चहा पीत लाईट जाण्याची वाट पाहत आणि ती जाताच हर्षाने उठून तुटून पडत.

कोणी पुसेल की गिरणी घडीभर बंद ठेवा असे सांगावयास काय जाहले होते? तर त्याचे मूळ सहा वर्षांमागे आहे. स्टुडिओ उघडला त्या दिवशी मनोज तरुण आणि गरम होता. त्याने भिंतीवरून ओरडून म्हटले, ‘‘बंद करा वो ते खटारं!’’ आणि पलीकडून जबाब आला, ‘‘लाईट जाईन तवाच बंद होईन!’’ बस्स. एवढ्या दोन वाक्यांचा या शूरांनी तह मानिला, आणि सहा वर्षे त्या भिंतीपलीकडे एकही वकील, म्हणजे बोलणी करणारा, गेला नाही.

ताहेर मनोजचे दोस्त, म्हणून तेही तह पाळीत. पण घरी त्यांची पत्नी हमिदा यांचा हुकूम वेगळा होता. त्यांनी ज्वारीचा डबा हाती दिला आणि फर्माविले, ‘‘दिन भर गिरनी के बाजू में बैठते ना? तो ये जवारी पिसा के लाओ.’’ खाशांची छाती होईना. त्या साली त्यांनी अमरावतीवर चार स्वाऱ्या केल्या आणि चारही वेळा डबा जसा नेला तसा परत आणिला, आणि गिरणीवर गर्दी फार असे घरी सांगितले. त्या ज्वारीने बडनेरा जंक्शन इतक्या वेळा पाहिले की तिला गाड्यांच्या वेळा पाठ झाल्या असाव्या.

त्या चार स्वाऱ्यांत गाणे काही रेकॉर्ड जाहले नाही. कधी लाईट गेली तेव्हा आधीच्या मंडळींचा नंबर होता, कधी नंबर आला तेव्हा बॅटरी संपली. परंतु वाट पाहता पाहता खासे भिंतीस टेकून गिरणीच्या गडगडाटात एकेक कडवे रचीत आणि ढोलकीचे सरदार उजैर मांडीवर ठेका धरीत, आणि असे गाणे पुरे जाहले.

इतक्यात डिसेंबरात वाईट खबर आली. खोलीच्या मालकाने जागा कोचिंग क्लासला दिली आणि एकतीस तारखेस सायंकाळी पाचाला किल्ला खाली करावा असे मनोजला बजाविले. वर्षही तेव्हाच सरणार आणि स्टुडिओही. मग मसलत बसली, म्हणजे सल्लामसलत हो, आणि एकतीस तारखेस सकाळी ताहेर, उजैर, सबीहा आणि ज्वारी अशी फौज राजापेठेत दाखल झाली. सबीहाच्या शाळेस तापाची चिठ्ठी गेली होती. ताप नव्हता. बखरीत खोटे लिहू नये म्हणून हे नमूद केले. तुम्ही यातून काही शिकू नये.

दहा वाजले, लाईट होती. बारा वाजले, लाईट होती. गिरणी अशी चालली होती की जणू साऱ्या राजापेठेस आजच भाकरी हवी. दोन वाजता मनोजचा धीर सुटला आणि त्याने वीज कचेरीत फोन लाविला.

‘‘साहेब, आज लाईट कधी जाईन?’’

‘‘जानार नाई साहेब,’’ पलीकडील कारकून अभिमानाने वदले. ‘‘नवा ट्रान्सफॉर्मर बसवला. आता तुमी बिनघोर राहा.’’

‘‘अहो, पन थोडीशी? अर्धा घंटा?’’

कारकुनांनी बराच विचार केला आणि आपली तब्येत बरी आहे काय असे मनोजला पुसले.

तीन वाजले. उजैर यांनी गिरणीची तार रात्रीच का तोडली नाही असा सवाल टाकिला आणि त्यावर त्यांना गप्प बसविण्यात आले. मनोज गोधड्यांचे खिळे उपसू लागला. खासे पेटीवर हनुवटी टेकून बसले. तेव्हा सबीहा उठली आणि तिने ज्वारीचा डबा उचलला.

‘‘कुठं चालली वं?’’ मनोजने पुसले.

‘‘गिरनीवर. अम्मीनं सांगतलं.’’

तिघे वीर एकदम उभे राहिले. तिकडे जाणे नाही, तह आहे, सहा वर्षांचा आहे, असे तिला समजाविण्यात आले. सबीहा म्हणाली, ‘‘तह तुमचा आहे मनोजकाका. माहा नाई.’’ आणि चालती झाली. तिघांनी भिंतीस कान लाविले.

गिरणीत डब्यांची रांग लागली होती, आणि माणिकबाई पापण्यांपर्यंत पांढऱ्या होऊन उभ्या होत्या. सबीहाने डबा खाली ठेविला आणि मोठ्याने हाक दिली, ‘‘मावशी, आमचं गानं आहे. थोडा वेळ गिरनी बंद ठेवता का?’’

माणिकबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळिले. ‘‘बाजूच्या खोलीतली काय तू?’’

‘‘हो.’’

‘‘मंग सहा वर्स झाले, ते बुवा काऊन नाई आले सांगाले? मले काय मालूम आत काय करून राह्यले! मले वाटे गोधड्यायचा धंदा आहे.’’ आणि त्यांनी खटका खाली ओढिला.

गडगडाट थांबला. लाईट असून गिरणी बंद, असा चमत्कार त्या गल्लीने सहा वर्षांत पाहिला नव्हता. भिंतीपलीकडे तीन वीरांनी एकमेकांची तोंडे पाहिली, आणि लाजावे की नाचावे हे न कळून माइककडे धावले.

परंतु बाळांनो, मोहीम इतक्यात सरत नसते. पहिल्या खेपेस खाशांनी सूर लाविला आणि दुसऱ्या ओळीतच गाणे पळत सुटले. दुसऱ्या खेपेस उजैर पुढे गेले आणि खासे मागे राहिले. तिसऱ्या खेपेस सबीहाची गाडी सुटली तेव्हा अब्बा नळापाशी पोचलेच नव्हते. मनोज कपाळास हात लावून म्हणाला, ‘‘काय होऊन राह्यलं ताहेरभाई? सालभर त पाठ होतं!’’ साडेचार वाजत आले होते. खाशांनी पेटीवरून हात काढिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

तेव्हा सबीहा म्हणाली, ‘‘अब्बा, तो टप-टप नाही है.’’

‘‘कौनसा टप-टप?’’

‘‘गिरनी का.’’

आणि मग सर्वांस उमगले. गिरणीच्या पट्ट्यास एका ठिकाणी जोड होता आणि तो जोड चाकावरून जाताना दर फेरीस टप असा वाजे. सालभर खाशांनी गाणे रचिले ते त्या टपावर, आणि उजैरने ठेका धरिला तोही त्याच टपावर. ज्या शत्रूस मुका करण्यासाठी सारा खटाटोप केला, तोच त्यांचा तालाचा उस्ताद निघाला.

मनोज सहा वर्षांत प्रथमच भिंतीपलीकडे गेला, सबीहाचा हात धरून. माणिकबाईंनी पुसले, आता काय राहिले? त्याने सबीहास पुढे केले आणि तिनेच सांगितले, ‘‘मावशी, आता चालू करा. आमचं गानं तुमच्या पट्ट्यावर चालते.’’ रांगेतले लोक खो खो हसले. मनोज मान खाली घालून म्हणाला, ‘‘खटारं म्हटलं होतं मी. चुकलं मावशी.’’

‘‘खटारंच आहे ते,’’ माणिकबाई म्हणाल्या. ‘‘जा, गा.’’ आणि खटका वर गेला.

येणेप्रमाणे सन दोन हजार चोवीस, माहे डिसेंबर, तारीख एकतीस, वार मंगळवार, सायंकाळी पाचास अकरा मिनिटे कमी असता, स्टुडिओचे दार सताड उघडे ठेवून, ताहेर अकोलेकर यांचे स्वनामे पहिले गाणे एका दमात सर जाहले. लांबी मिनिटे चार, सेकंद वीस. ढोलकी उजैर यांची, ध्रुवपद सबीहाचे, आणि ताल माणिकबाई यांच्या गिरणीचा, असे मनोजने स्वहस्ते नोंदविले आणि चार वेळा वाचून पाहिले. फौजेत कोणी जखमी नाही. मोहीम फत्ते.

मग खाशांनी आनंदाने कन्येस उचलावे म्हणून हात पसरले, तो कन्या जागेवर नाही. ती गिरणीवर गेली होती. गडबडीत तिचा डबा कोणी रांगेच्या शेवटी सरकविला होता, त्याच्यापुढे सतरा डबे होते. सबीहाने ते मोजले, आपल्या डब्यावर बसली, आणि पट्ट्याच्या टपावर पाय हलवीत नंबराची वाट पाहू लागली.