मोबाइलच्या बदल्यात परात

"टूटा-फूटा मोबाइल, पुराना मोबाइल, बंद मोबाइल, बदले में स्टील का बर्तन!" गल्लीतून भोंगा ओरडला आणि सरलाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. पांडेसरा या मिलवस्तीतल्या त्या गल्लीत हा भंगारवाला अधूनमधून स्कूटर घेऊन येई, आणि तो आला की घरात निरुपयोगी काय काय पडलंय ते सरलाबाईंना एकदम दिसू लागे. आज त्यांना नवऱ्याचे दोन मेलेले मोबाइल दिसले. शेजारीच, टीव्हीवरच्या फळीवर, जाड प्लास्टिकच्या पिशवीत काच तडकलेला तिसराही दिसला. भंगारवाल्याने तिन्हींच्या बदल्यात मध्यम परात पुढे केली. सरलाबाईंनी घासाघीस करून मोठी मिळवली.

मग त्या घरात शिरल्याच नाहीत. तशाच कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात गेल्या आणि परातीवर नाव टाकून घेतलं, 'चि. सौ. कां. योगिता'. लेकीचं लग्न कुठे ठरलेलं नव्हतं, पण पलंगाखालच्या पेटीतल्या पातेल्यांपासून चमच्यांपर्यंत सगळ्यांवर हेच नाव होतं. मुलगा काय, मिळेल तेव्हा मिळेल. भांडी एका दिवसात जमत नाहीत, असं त्यांचं मत होतं.

योगिता कॉलेजात काय शिकते हे मात्र त्यांना नीट सांगता येत नसे. 'कॉम्प्युटर फॉरेन्सिक आणि माहितीची सुरक्षा' हे नाव त्यांच्या तोंडात बसत नव्हतं, म्हणून "ती कॉम्प्युटरमधले चोर पकडते" असं त्या शेजारच्या अनुसयाला सांगून मोकळ्या होत. पण या परीक्षेवर घरातलं सगळं अडलंय, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे शेवटचं प्रॅक्टिकल पार पडलं की हिऱ्यांची एक कंपनी योगिताला शिकाऊ म्हणून घेणार होती. आणि तिचे पप्पा, रंगाच्या मिलमधले लोटू पाटील, यांनी जाहीर केलं होतं की जागा मिळाली तर लग्नाचं नाव काढणार नाही. नाही मिळाली तर स्थळं बघायला लागू.

संध्याकाळी योगिता क्लासहून आली आणि थेट फळीपाशी गेली.

"मम्मी, इथला मोबाइल कुठे आहे?"

"कोनता? तो फुटलेला? दिला ना भंगारवाल्याले. ही पाह्य, केवढी परात दिली!"

योगिताने परात पाहिली. परातीवरचं नाव पाहिलं.

"मम्मी, तो पुरावा होता!"

"व माय! कशाचा?"

"कशाचाच नाही! शिकायचा पुरावा होता. सरांनी सील करून दिला होता. दोन दिवस सांभाळायचा आणि सोमवारी जसाच्या तसा परत करायचा. पुरावा एका हातातून दुसऱ्या हातात कसा गेला ते सांगता आलं पाहिजे, हेच तर आमचं प्रॅक्टिकल!"

"मग तसं सांगायचं ना."

"सांगितलं होतं! हात लावू नका म्हणून!"

"ते तर तू चार्जरलेबी सांगते, पोरी."

यात खोटं काहीच नव्हतं, त्यामुळे योगिताला आणखी रडू आलं.

मायलेकी रिक्षा करून भोंग्याच्या आवाजामागे निघाल्या. भंगारवाला बमरोलीच्या नाक्यावर चहा पिताना सापडला. मोबाइल त्याच्या पोत्यात होता, पण आत काय आहे ते बघायला त्याने पिशवी टराटरा फाडली होती. माणूस वाईट नव्हता. बर्तन वापस करा, मोबाइल घेऊन जा, म्हणाला. सरलाबाईंनी परात पुढे केली. त्याने ती उजेडात धरली.

"इस पर तो नाम डाल दिया, बेन. अब ये मैं किसको दूँ?"

"दुसरा बर्तन देती ना मैं. चल घर."

घरी पेटी ओढली गेली. भंगारवाला एकेक भांडं उचलून वाचू लागला. "ये भी योगिता. ये भी योगिता. अरे, चम्मच पर भी?" शेवटी त्याची नजर ओट्याकडे गेली. गॅसवर कुकर होता आणि त्याच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. सरलाबाईंनी शिट्टी काढली, आतली डाळ योगिताच्या पातेल्यात ओतली आणि गरम कुकर फडक्यात धरून त्याच्या हवाली केला.

कुकरचं दुःख त्यांना होतंच. पण लेक फाटकी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, ते त्यांच्याने पाहवत नव्हतं. मुलीच्या संसाराची जमवाजमव करता करता आपण तिचंच नुकसान केलं, हे त्यांना आता स्वच्छ दिसत होतं.

सोमवारी योगिताने देसाई सरांपुढे सगळं सांगितलं आणि लिहूनही दिलं. घरी आल्यावर डोळे सुजलेले होते, पण चेहरा जरा हलका होता. "सर उद्या तुला बोलावतायत. जे झालं ते सांग," एवढंच बोलून ती झोपली. आपण आधीच सगळं कबूल केलंय आणि आईचा जबाब जुळला की सर पास करणार आहेत, हे सांगायचं तिच्याकडून राहून गेलं.

"जे झालं ते सांग म्हणते," सरलाबाईंनी नवऱ्याला विचारलं. "सांगू का?"

"येडी का तू?" लोटू म्हणाले. "आमच्या मिलमध्ये तपासणीवाले येतात तेव्हा आम्ही काय सांगतो? पाणी साफ, मशीन बंद, बाकी मालूम नहीं साहेब. आजवर कोणाची नोकरी गेली?"

दुसऱ्या दिवशी सरलाबाई ठेवणीतली साडी नेसून सरांसमोर बसल्या. योगिता बाजूला उभी होती.

"बेन, ये थैली घर से बाहर गई थी?"

"नही साहेब. देवाशपथ नही."

योगिता दचकली. "मम्मी..."

"तुम चुप रहो," सर म्हणाले. "किसी ने हाथ लगाया?"

"हात? साहेब, देवाजवळ ठेवली होती. मी रोज दिवा लावत होते तिच्यापुढे."

"तो फिर फटी कैसे?"

इथे मिलच्या शिकवणीत काही उत्तर नव्हतं. सरलाबाईंनी ते स्वतः शोधलं. "चूहा, साहेब. आमच्या पांडेसऱ्यात मांजरापेक्षा चूहे मोठे."

बोलून झाल्यावर त्यांनी लेकीकडे मोठ्या अभिमानाने पाहिलं. योगिताने मान खाली घातली होती. सरांनी समोरचा कागद उचलला आणि सावकाश वाचायला सुरुवात केली. भंगारवाला आला, परात आली, परातीवरचं नाव आलं, बमरोलीचा नाका आला, शेवटी कुकरही आला. सरलाबाईंना आधी वाटलं, अनुसयाने चुगली केली. मग कागदाखाली लेकीची सही दिसली.

"साहेब, परातीचं खरं आहे," त्या घाईघाईने म्हणाल्या, "पन चूहेबी आहेत घरात."

सर हसले नाहीत. "बेन, आपकी लड़की सच बोली थी. आप वही बोलतीं तो मैं आज पास कर देता. अब दो बयान हैं, दोनों अलग. मैं कौन सा मानूँ?"

सरलाबाई रडल्या, हात जोडले, सगळं खरंखरं पुन्हा सांगितलं. पण सरांच्या त्या विषयात बदललेल्या जबाबाला किंमत नसते. प्रॅक्टिकल पुढच्या सत्रात पुन्हा द्यायचं ठरलं. हिऱ्यांची कंपनी तोवर थांबणार नव्हती. तिने दुसऱ्या मुलाला घेतलं. योगिता आईला एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं सरलाबाईंना भांडी घासताना, पोळ्या लाटताना, सारखं वाटत राहिलं.

लोटू मात्र शब्दाचे पक्के. महिन्याभरातच पलसाण्याहून बाबुराव आपल्या मुलाला, योगराजला घेऊन मुलगी बघायला आले. योगराज तिकडच्या एका प्रोसेसिंग युनिटच्या ऑफिसात होता. तो पोहे खाता खाता मांडीवरच्या मोबाइलकडे बघून मधूनमधून गालात हसत होता.

"पोरगी काय शिकते?" बाबुरावांनी विचारलं.

"कॉम्प्युटरचं," लोटू म्हणाले.

"म्हणजे टायपिंग?"

"टायपिंग नही," सरलाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. "ती मोबाइल उघडते."

"बिघडलेला?"

"कोणाचाबी. लपवलेलं, पुसलेलं, समदं बाहेर काढते. परीक्षेत पहिली आली."

योगराजचा चमचा हवेतच राहिला. "पुसलेलंसुद्धा?"

"तेच तर पहिलं काढते."

योगराजने मोबाइल पालथा घातला आणि योगिताकडे पाहिलं. "खरं का?"

योगिताने आईकडे पाहिलं. सरलाबाई ट्रेमधले कप उगाच सरळ करत होत्या आणि लेकीच्या नजरेला नजर देत नव्हत्या.

"हो," योगिता म्हणाली. "थोडा वेळ लागतो, इतकंच."

योगराजला पलसाण्याचं एक तातडीचं काम आठवलं. "कळवतो," म्हणत बाबुराव त्याच्यामागे निघाले. त्यांनी चहाही धड घेतला नाही. लोटू दारात उभे राहून बराच वेळ गल्लीकडे बघत होते. "पहिली कधी आली ही?" त्यांनी विचारलं.

आत सरलाबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. "मनी चूक झायी, पोरी," त्या म्हणाल्या. "तुनी जागा गयी. तिथं खरं बोलले असते तर..."

"मम्मी, रडू नको. मला अभ्यासाला बसू दे."

"आता? परीक्षा तर लांब आहे."

"पुसलेलं कसं काढायचं तो धडा मला अजून येतच नाही," योगिता पुस्तक उघडत म्हणाली. "आणि हे गल्लीत पसरलं की उद्या सगळे मोबाइल घेऊन दारात येतील."

सरलाबाईंनी पदराने डोळे पुसले, बाहेर गेल्या आणि गल्लीकडचं दार आतून लावून घेतलं.