खट्-खटाक् आणि मोठी दुर्बीण

एका जंगलात, मुलांनो, एक आवाज राहत होता. खट्-खटाक्. असा.

भिवानाना अस्वलांनी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते बापाच्या पाठीवर बसण्याएवढे होते. बापाच्या हातात एक रायफल होती. कुणी शिकारी साहेब अस्वल बघून पळाला, तेव्हा ती करवंदीच्या जाळीत टाकून गेला होता. तिच्या उजव्या अंगाला लोखंडी दांडा होता. दांडा वर उचलून मागे ओढायचा : खट्. पुढे ढकलून खाली दाबायचा : खटाक्. मग घोडा ओढला की गोळी सुटते म्हणतात. 'म्हणतात' एवढ्यासाठी, की बापाला घोडा ओढायची वेळ कधी आलीच नाही. खट्-खटाक् झालं की मक्यात शिरलेलं रानडुक्कर शेपूट ताठ करून पळत सुटायचं.

बाप गेला. रायफल नानांकडे आली. ते डुक्कर गेलं, त्याचा नातू मुसंडे आला. पण आवाज तोच होता आणि मुसंडेही आजोबांसारखाच पळायचा.

असं सगळं छान चाललं होतं. म्हणजे आता काहीतरी सुधारणा होणार, हे तुम्ही ओळखलंच असेल.

झालं असं, की नाना म्हातारे झाले. रायफलीच्या नळीवर मागे एक खाच असते आणि पुढे टोकाला एक दाणा. त्या दाण्याला माशी म्हणतात. खाचेतून माशी बघायची, माशीवर डुक्कर धरायचं, म्हणजे नेम लागतो. नानांना आता माशी दिसेना. ऐंशी पावलांवरचं डुक्कर कुठलं आणि झुडूप कुठलं, तेही कळेना. दांडा नेमका कधी वाजवायचा?

आणि त्या वर्षी चुकून चालणार नव्हतं. शेताच्या कडेला पांढऱ्या मक्याच्या दोन ओळी उभ्या होत्या. ते बियाणं सोनाक्कानं, म्हणजे नानांच्या बायकोनं, वर्षानुवर्षं राखलेलं. सोनाक्का मागच्या उन्हाळ्यात गेली. पांढरा मका जंगलात दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. त्या दोन ओळी वाळून घरात आल्या तरच पुढच्या पावसात पेरायला काही असणार होतं.

म्हणून नाना सभेत उठून म्हणाले, "रायफलीवर एक लहानशी दुर्बीण बसवावी म्हणतो."

सगळ्यांना ते पटलं. सुधारणा कुणाला नको असते? फांदेकर वानर तर फांदीवरून खालीच उतरला. तो शहराच्या कडेला दोन महिने राहून आलेला होता, त्यामुळे त्याला सगळं कळत असे. आठवड्यानं तो दोन दुर्बिणी घेऊन आला.

"ही चौपट मोठं दाखवते," तो एक हातभर बारीक नळी दाखवत म्हणाला. "आणि ही बघा. चोवीसपट! काच आहे का ताटली?"

दुसरी दुर्बीण घरच्या दुधी भोपळ्याएवढी होती. सभेनं 'अहाहा' केलं.

नाना हळू बोलायचे. त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत सभा पुढच्या विषयावर गेलेली असायची. ते म्हणाले, "शेत आहे ऐंशी पावलांवर. मला आपली ती चौपटवालीच..."

"नाना, हिच्यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात!"

नानांनी विचार केला. "चंद्रावर मका नाही," ते म्हणाले.

पण तोवर हात वर होऊन मोठी दुर्बीण ठरलीसुद्धा होती.

बसवायचं काम ठोके मिस्त्रींकडे गेलं. ठोके मिस्त्री म्हणजे सुतारपक्षी. "जन्मभर लाकडात भोकं पाडली," ते म्हणाले. "लोखंडाला चोच थोडी झिजेल, एवढंच. भोक ते भोक."

दुर्बीण रायफलीवर धरून ठेवायला दोन कड्या लागतात. कड्या दोन तऱ्हेच्या होत्या, उंच आणि बुटक्या.

"उंच घ्या मिस्त्री," नाना म्हणाले. "बुटक्या घेतल्या तर तो दांडा वर उचलताना..."

"उंच?" फांदेकर हसला. "नाना, उंटाच्या पाठीवर हंडा ठेवल्यासारखं दिसेल ते! शहरात बघाल तर दुर्बीण कशी अंगाला चिकटून बसते."

बुटक्या कड्या बसल्या. मोठ्या काचेच्या आड नळीवरची जुनी खाच यायला लागली. मिस्त्रींनी ती छिन्नीनं उडवली. मग स्क्रू पिळले आणि त्यांत धावड्याचा डिंक भरला.

"आता प्रलय आला तरी दुर्बीण निघायची नाही," ते म्हणाले.

काम खरंच सुरेख झालं होतं. नानांनी दांड्याकडे हात नेला. "एकदा उचलून बघतो, म्हणजे..."

"अहो, अहो, नाना!" सगळे ओरडले. "उद्या खंडेनवमी! शस्त्र पूजेला बसलं. आता हात नाही लावायचा!"

नानांनी हात मागे घेतला. ते रीतभात मानणारे होते. पाटावर रायफल ठेवली. झेंडूची माळ घातली. नवमीचा अख्खा दिवस तिला कुणी शिवलं नाही. येणारे जाणारे लांबून नमस्कार करत आणि 'काय रुबाब आहे' म्हणत.

दसऱ्याच्या सकाळी सगळे रायफल बघायला जमले होते, तेवढ्यात मुसंडे आला.

मक्याची ताटं हलली. नानांनी माळ काढून ठेवली, रायफल उचलली, दुर्बिणीला डोळा लावला. आणि बघतच राहिले.

डुक्कर दिसेना. एक राठ केस दिसत होता. काठीएवढा. तो केस डुकराच्या पुढच्या बाजूचा की मागच्या, काही कळायला मार्ग नव्हता.

नाना घाबरले नाहीत. दिसलं नाही तरी आवाज आपल्याजवळ आहे, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दांडा वर उचलला.

खट्.

दांडा दुर्बिणीच्या नळीवर आपटून थांबला. वर जाईना. मागे येईना.

मक्यात मुसंडेनं मान वर केली. शेपूट ताठ झालं. चारही पाय पळायच्या तयारीत. तो थांबला. थोडा वेळ गेला.

"नाना," त्यानं शेतातून विचारलं, "पुढचं?"

नानांनी पुन्हा जोर केला. खट्.

"पुढचं, नाना! खटाक्?"

खट्.

"बरं, मग तुमचं होऊ द्या सावकाश," मुसंडे म्हणाला. त्याचं शेपूट खाली आलं आणि तो ऐसपैस बसला.

"मिस्त्री, ही दुर्बीण काढा," नाना म्हणाले. ते आयुष्यात एवढं भरभर कधी बोलले नव्हते.

"काढा?" मिस्त्रींना वाईट वाटलं. "नाना, डिंक भरलाय मी. असंतसं काम नाही केलेलं."

"मला बघू द्या जरा," म्हणत फांदेकरनं रायफल नानांच्या हातातून घेतली आणि डोळा लावला. "अहाहा! काय काच आहे! दाणा न् दाणा दिसतोय हो!"

मग सगळ्यांनाच बघायचं होतं. रांग लागली. सशाला पुढे घातलं, कारण तो बुटका. मोर दोनदा बघून गेला. शेतात जाऊन मुसंडेला हाकलावं असं एकदोघांच्या मनात आलं होतं, पण रांगेतला नंबर गेला असता.

नाना शेजारी उभे होते. ऐंशी पावलांवर त्यांना हिरवं, पिवळं काहीतरी हलताना दिसत होतं, बाकी काही नाही.

"फांदेकर," त्यांनी हळूच विचारलं, "तो खातोय तो दाणा... पांढरा आहे का?"

"पांढरा? नाना, पांढराशुभ्र! मोत्यासारखा! असं स्पष्ट तुम्ही जन्मात पाहिलं नसेल. या, तुम्ही रांगेत मधे आलात तरी कुणी काही म्हणणार नाही. हा बघा, शेवटचं कणीस धरलंन् त्यानं. या लवकर!"

सगळ्यांनी बाजूला होऊन नानांना वाट करून दिली.

नानांनी झेंडूची माळ उचलली. ती दुर्बिणीवर नीट घातली, वाकडी झाली होती ती सरळ केली. आणि ते घराकडे चालू लागले.

तात्पर्य : मुलांनो, दुर्बीण घ्यायची तर मोठीच घ्यावी. आपलं बियाणं दुसऱ्याच्या पोटात जाताना निदान स्वच्छ दिसतं. आणि हळू बोलणाऱ्या म्हाताऱ्याचं वाक्य पुरं होण्याची वाट कधी पाहू नये, नाहीतर चांगली चाललेली सुधारणा उगीच अडून राहते.