एक्केचाळिसावी मंगलीबाई

"यंदा मोहाच्या टोळ्या कम्प्युटर पाडते! एका मिनिटात! तुमी फक्त टोपल्या घेऊन उभे राहा!"

धनराजनं भर ग्रामसभेत छाती ठोकून सांगितलं. सांगताना त्याला स्वतःलाही ते खरंच वाटलं.

त्यांचं गाव आरमोरीच्या पुढं, जंगलात. मोहफुलं वेचायला कोणी एकट्यानं जायचं नाही, हा गावाचा नियम. खाली वाकलेला माणूस रानातल्या वाघिणीला जनावरासारखा दिसतो. म्हणून टोळी करून जायचं, आणि टोळीत पाचाहून कमी माणसं नकोत. अकरा वर्षं या टोळ्या धनराजची बायको ललिता पाडत आली. कागद नाही, पेन नाही, सगळं तोंडपाठ. मागच्या आषाढात ती तापानं गेली. दोन महिने धनराज भिंतीकडं पाहत बसला. मग उठला आणि आरमोरीत अनस नावाच्या पोराच्या कम्प्युटर क्लासला नाव घातलं. बावन्नाव्या वर्षी गडी जावास्क्रिप्ट शिकला!

वनसमितीचा अध्यक्ष अंकुश मात्र स्पष्ट बोलला. "धनराजभाऊ, ललिताबाई होती तवरीक ठीक होतं. आज तुह्यानं जमलं नाई तं नियम बंद. उद्यापासून ज्यानं त्यानं आपलं आपलं पाहावं."

म्हणजे बायको गेली, आणि आता तिचा नियमही जाणार. धनराजनं लॅपटॉप उघडला.

गावातल्या एक्केचाळीस माणसांची नावं घरांच्या ओळीनं त्यानं आधीच भरून ठेवली होती. नावांच्या अशा रांगेला जावास्क्रिप्टात अ‍ॅरे म्हणतात. तिचे पाच-पाचाचे तुकडे पाडायचे, एवढंच काम! त्यानं बटण दाबलं आणि ऐटीत वाचायला सुरुवात केली. पहिली टोळी, पाच जण. दुसरी, पाच जण. आठवीपर्यंत लोकांच्या माना तालावर डोलत होत्या.

"नववी टोळी. मंगलीबाई."

"आन?" मंगलीबाईनं विचारलं. सत्तरीची बाई, घर गावाच्या शेवटी, म्हणून नावही शेवटी.

"आन... कोनीच नाई."

"काऊन रे धनराज? वाघिनीचा डबा भरून राह्यला का?"

सगळी सभा फिदीफिदी हसली. एक्केचाळीसात पाच आठ वेळा जातात आणि एक उरतो, हे चौथीतल्या पोरालाही कळतं. पण बायकोचं नाव राखायला निघालेला माणूस भागाकार विसरतो!

"थांबा, थांबा! आत्ता दुरुस्त करतो!" धनराजनं एक ओळ वाढवली. पाचाहून लहान टोळी असेल तर ती यादीतून गाळून टाक. पुन्हा बटण. आठ टोळ्या, प्रत्येकीत पाच. झकास!

"माहं नाव?" मंगलीबाई.

"तुमचं नाव... गळलं."

"म्हंजे पयले एकटी होतो, आता गावातच नाई? रेशनकार्डावर हावो, मतदान करतो, इथी तुह्यासमोर उभी हावो! तुह्या मशिनीले मोतीबिंदू झाला का?"

आता हसण्याचा आवाज पार हातपंपापर्यंत गेला. धनराजच्या कपाळावरून घाम थेट कीबोर्डवर पडू लागला. घाईत त्यानं तुकडे पाडायची पद्धतच बदलली. आता कम्प्युटर यादीतून दर वेळी पाच नावं उचलून बाहेर काढू लागला. पण तो होता इमानदार गाढव! इकडं यादी पाचानं आखडत होती, तिकडं त्याची मोजणी पाचानं पुढं सरकत होती. मधेच दोघांची टक्कर झाली आणि तो म्हणाला, झालं काम!

पाचच टोळ्या. पंचवीस माणसं. सोळा गायब!

"चौतिसावा मी!" अंकुश ताडकन उठला. "अध्यक्षालेच खाल्लं? वाघिनीपेक्षा तुहा कम्प्युटर डेंजर हाये बे! बस झालं. नियम बंद!"

लोक उठून घराकडं वळू लागले. धनराज खुर्चीवर चढला. जन्मात तो कधी खुर्चीवर चढला नव्हता.

"एक शेवटचं! फकस्त एक!"

"पाहू द्या त्याले," मंगलीबाई म्हणाली. "एकदा एकटी झालो, एकदा मेलो. अजून काय होते?"

धनराज खाली बसला. तुकडे पाडणंच चुकतंय, त्याला वाटलं. तुकडे पाडले की कोणीतरी उरणारच. पंगतीत भात वाढताना आपण पातेल्याचे तुकडे पाडतो का? या पानावर एक मूद, त्या पानावर एक मूद, रांग संपली की पुन्हा पहिल्या पानाशी! मग त्यानं आधी आठ टोळ्या मांडल्या, रिकाम्या. पहिलं नाव पहिलीत, दुसरं दुसरीत, आठवं आठवीत, नववं पुन्हा पहिलीत. कोणतं नाव कुठं जाईल, हे आठानं भागून उरलेल्या बाकीवरून कम्प्युटरच ठरवणार. बटण दाबताना त्यानं डोळे मिटले होते.

आठ टोळ्या! सातांत पाच-पाच, पहिलीत सहा. आणि पहिलीत सहावी कोण? मंगलीबाई!

"सापडलो!" मंगलीबाई ओरडली आणि सभेनं टाळ्यांचा कडकडाट केला. अंकुशनं स्वतः प्रत्येक नाव दोनदा तपासलं. एकही उरलेला नाही, एकही गळलेला नाही. "नियम चालू," तो म्हणाला, आणि धनराजची छाती लॅपटॉपएवढी रुंद झाली.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला आठ टोळ्या रानाकडं निघाल्या. धनराज नाक्यावर उभा राहून सेनापतीसारखा हात हलवत होता. मंगलीबाई थांबली.

"तू कोनत्या टोळीत?"

धनराजचा हात हवेतच राहिला. दरसाल तो ललिताच्या मागं मागं जायचा. स्वतःचं नाव यादीत घालायची पाळीच कधी आली नव्हती.

"एक मिनिट, बाई! बेचाळिसावा मी. बेचाळीसले आठानं भागलं, बाकी दोन... अंकुशच्या टोळीत! जातो तिकडं!"

"अंकुश केव्हाचा नाल्यापार गेला. एकटा जातं का आता?" मंगलीबाईनं आपली टोपली त्याच्या डोक्यावर ठेवली. "चाल गुमान."

प्रोग्रॅम अगदी बिनचूक होता, हे धनराज वाटेत तिला तीनदा समजावून सांगत होता. त्या दिवशी पहिल्या टोळीत सात जण गेले.