वरच्या देगलूरची गाडी

आमच्या खालच्या मजल्यावरचे नागनाथकाका बिरादार अंघोळीला निघाले की आधी घोषणा होते. "लक्ष द्या. न्हाणीघराकडं जानारी गाडी लागलेली हाय. वाटंत कुनी बादली ठेवू नये." आवाज असा, की वरच्या मजल्यावर मीही दात घासता घासता बाजूला सरकतो. काकांची सगळी नोकरी देगलूरच्या बसस्थानकावर माइकसमोर गेली. निवृत्त होऊन नांदेडला घर केलं तेव्हा माइक तिकडेच राहिला, आवाज बरोबर आला.

पण गल्लीत ते प्रसिद्ध आहेत ते अवकाशामुळे.

त्यांचा मुलगा संतोष पुण्याला शिकायला होता तेव्हा त्याने एक खेळ आणला होता. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि अडलं की वीस तोंडांचा फासा टाकायचा. पुढे संतोष परदेशी गेला, फासे कपाटात राहिले. काकांनी ते काढले. मूळ खेळात राजे आणि राक्षस होते म्हणे. काका म्हणाले, "राक्षस मारून काय मिळतंय? आपन गाड्या सोडू." आणि त्यांनी आभाळात आगार उघडलं.

दर रविवारी दुपारी आम्ही काकांकडे जमतो. गोष्ट सांगणार काका, मी यानाचा चालक, आणि कोपऱ्यावरच्या औषधदुकानाचे शेखभाई वाहक. काकांच्या घरच्या सरूकाकू खेळत नाहीत. त्या सूप घेऊन शेंगा फोडत बसतात आणि फाशाला 'ते बोर' म्हणतात.

काकांचं अवकाश म्हणजे आपलाच मुलूख, फक्त वर नेलेला. वरच्या धर्माबादला मिरचीमुळे हवाच लाल, उतरलं की यानासकट सगळे शिंकतात. देगलूर तीन राज्यांच्या सीमेजवळचं, म्हणून वरच्या देगलूरला तीन सूर्य आहेत, एक मराठी, एक कन्नड, एक तेलुगू. जो उगवला असेल त्याच्या भाषेत बोलायचं, नाहीतर ऊन लागतं. कृष्णविवराला काका 'खड्डा' म्हणतात. "बाजूनं घ्या. काम चालू हाय, माझ्या लहानपनापासून." एकदा दोन डोक्यांच्या प्रवाशाने खिडकीशी रुमाल टाकून जागा धरली. काका खवळले. स्थानकावरही रुमाल टाकणाऱ्यांशी त्यांचं हाडवैर. "रुमालाला तिकीट न्हाई," म्हणून त्यांनी त्या जिवाला दोन्ही डोक्यांसकट खाली उतरवलं.

त्याहून कडक नियम एकच. यानातून उतरताना 'येतो' म्हणायचं. 'जातो' म्हटलं की त्या पात्राला परतीची गाडी नाही. एकदा दुकानातून हाक आली आणि शेखभाई उठता उठता म्हणाले, "जातो, गिऱ्हाईक आलंय." काकांनी फासे डबीत टाकले.

"काका, मी दुकानाला चाललो हो. अंतराळात न्हाई."

"शब्द गेला, शेखभाई. वाहक गेला."

शेखभाईंना नवा वाहक जन्माला घालावा लागला, जुन्याचा धाकटा भाऊ. जुन्याची आठवण ते अजून काढतात.

आणि खेळाआधीची घोषणा दर वेळी तीच असायची. "वरच्या देगलूरची गाडी उशिरानं धावत हाय. प्रवाशांनी फलाट सोडू नये." ती गाडी कधी आली नाही. मी एकदा म्हटलं, "काका, रद्द करून टाका की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने यान चालू केलं.

उलगडा काकूंनी केला, स्वयंपाकघरात चहा गाळताना. संतोषने परदेशातली नोकरी धरली तेव्हा बापलेकांचं कडाक्याचं वाजलं. "इथं काय कमी हाय, हे म्हनले. पोरगं उंबऱ्यातून 'जातो' म्हनून गेलं, भाऊ. माझ्याशी बोलतंय, ह्यांच्याशी न्हाई. अन् हे फोनजवळ बसत्यात, पर हातात घेत न्हाईत."

मला फार वाईट वाटलं. जन्मभर लोकांच्या गाड्या पुकारल्या या माणसाने, आणि घरच्या गाडीची चौकशी करायला त्यांची जीभ वळत नव्हती.

मी गप्प बसलो. काकू बसल्या नाहीत. एका रविवारी त्यांनी रिकाम्या खुर्चीसमोर, सुपाला टेकवून, मोबाइल उभा केला. पडद्यावर जाड स्वेटर घातलेला संतोष. काका फासा हातात धरून थिजले.

"अण्णा," तो म्हणाला, "आई म्हनली, माझी गाडी लई दिवसापासून लेट करून राहिलात."

"कुठली गाडी?" काकांनी विचारलं.

"वरच्या देगलूरची."

"तिथं आत्ता कन्नड सूर्य हाय. तसं बोला."

"ना बंदे, अण्णा," संतोष म्हणाला. म्हणजे मी आलो. काही कळायच्या आत शेखभाईंनी तांब्यावर चमचा आपटून डबल बेल दिली.

मग खेळ असा रंगला, की काकूंच्या शेंगा तशाच राहिल्या. संतोष खड्ड्यात पडता पडता वाचला, वरच्या धर्माबादला यथेच्छ शिंकला. शेवटी त्याची कामाची वेळ झाली आणि आम्हाला 'जातो'चा नियम आठवला. शेखभाई फोनसमोर हातवारे करू लागले. काकांचा हात डबीच्या झाकणावर होता.

"बरं अण्णा," संतोष म्हणाला, "मी आता जा..."

शेखभाईंचे हात हवेतच राहिले.

"...जागा धरून ठेवा माझी. येतो."

"या," काका म्हणाले. आवाज माइकचा नव्हता.

फोन बंद झाल्यावर काकांनी खिशातून रुमाल काढला. मला वाटलं डोळे पुसतील. त्यांनी तो नीट घडी करून त्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला.

पुढच्या रविवारी शेखभाई नेमके त्याच खुर्चीत बसायला गेले.

"तिथं न्हाई," काका म्हणाले. "रुमाल दिसंना का?"