आबांचं तेल आणि माझं नाक

आमच्या शेजारचे सुपडू आबा ट्रॅक्टरचं तेल चाखून घ्यायचे. आपण बाजारात खरबुजाची फोड चाखून बघतो ना, अगदी तसं. अमळनेरला तेलवाल्याच्या दारात बसायचे, पिंपात रबरी नळी सोडायचे, दुसरं टोक ओठांत धरून एक घोट ओढायचे. तो गालात घोळवायचा, डोळे मिटायचे, मग बाजूला थुंकून म्हणायचे, "चोख शे," म्हणजे शुद्ध आहे. झालं, पिंप गाडीवर चढलं. पण "यामा पानी शे" म्हणाले, तर तेलवाल्याने देवाची शपथ घेतली तरी उपयोग नसे. तो बिचारा आबा दिसले की आधी त्यांना गूळपाणी द्यायचा. तोंड गोड असलं म्हणजे तेलही गोड लागेल, असा त्याचा हिशेब.

आता सगळे त्याला डिझेल म्हणतात. आम्ही नुसतं तेल म्हणायचो, आणि खायच्या तेलाला गोडं तेल. तेवढा फरक केला की भागायचं. अर्थात नेहमी भागलं असं नाही, ते पुढे सांगते.

ट्रॅक्टर कुठून आला, तेही सांगायला हवं. धुळ्याकडे एका गोऱ्या साहेबाचा मळा होता. साहेब विलायतेला गेला तेव्हा त्याचं सामान विकायला निघालं. लोकांनी खुर्च्या घेतल्या, कपबश्या घेतल्या, आबांनी ट्रॅक्टर घेतला. लोखंडी दातेरी चाकं, पुढे धुराडं. गावात शिरला तेव्हा म्हशी दोर तोडून पळाल्या, आणि माझ्या सासूबाईंनी त्याला दुरून हळदकुंकू टाकलं. नेम चुकला, ते आबांच्या पागोट्यावर पडलं. आबांनी ते दिवसभर पुसलं नाही.

पण एक गंमत बघा. शेत नांगरणार ट्रॅक्टर, आणि त्याचं तेल आणणार कोण, तर बैल. अमळनेरहून पिंप बैलगाडीतून यायचं. आमचे मामंजी म्हणायचे, "सुपडू, बैलांना बसवून मशीन घेतलं, आणि आता बैल त्या मशीनला पाजायला जातात." आबा रागवायचे नाहीत. त्यांचं सगळं लक्ष पिंपाकडे.

पिंप घरी आलं की आबांचं सोवळं सुरू. दोन दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही. "तेल म्हंजे नवी नवरी शे," ते सांगायचे. "गाडीमा हिसका खाईसन उनी. तिले दोन दिन बसू द्या, मंग तिनाशी बोला." खरंही होतं ते. हिसके खाऊन आलेल्या तेलातला गाळ आणि पाणी दोन दिवसांत तळाला बसतं. मग आबा नळी वरच्यावर धरून, तळाला वीतभर तेल सोडून बाकीचं डब्यात उतरवून घ्यायचे, तेही धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळून. डबा काठोकाठ कधी भरायचा नाही, चार बोटं जागा सोडायची, कारण उन्हात तेलाला श्वास लागतो. वीस पावलांत विडी पेटवायची नाही. एकदा अक्कांचा भाऊ नुसती विडी कानावर ठेवून आला, तर त्याला आबांनी अंगणातच जेवायला वाढलं.

अक्का म्हणजे भागाअक्का, आबांची बायको. मी नवी सून होऊन आले तेव्हा मला भाकरी थापायला ज्यांनी शिकवलं, त्या. त्यांच्यासारखी नीट बाई आमच्या गल्लीत दुसरी नव्हती. त्यांचं कोठीघर म्हणजे देवळाचा गाभारा. पापड, कुरडया, शेवया, लोणची, तुपाची लोटी, सगळं ओळीत.

आणि त्या कोठीघरात आबांनी पिंप आणून बसवलं.

लढाईचे दिवस होते. तेल परवान्यावर मिळायचं, तेही कधी मिळे कधी न मिळे. बाहेर ठेवावं तर चोरीची भीती, शिवाय आमच्याकडची उन्हाळ्याची धूळ. घरात थंड, कोरडी, कुलुपाची जागा एकच होती. दार अरुंद, म्हणून आबांनी सुताराला बोलावून चौकट काढली, पिंप आत घेतलं आणि चौकट परत बसवली. म्हणजे ते पिंप आता घरचंच झालं. पुढचं तेल डब्या-डब्याने आत जाऊन त्यात ओतलं जाई.

दोन महिन्यांत पापडाला तेलाचा वास. शेवयांना वास. अक्का म्हणायच्या, "वास येस." आबा म्हणायचे, "कसाना वास?" अक्का पापड त्यांच्या नाकाखाली धरायच्या. आबा तो खायचे आणि म्हणायचे, "चांगला शे." मला भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं. अक्कांना वाटायचं, हा माणूस आपली थट्टा करतो. मलाही तसंच वाटायचं.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने आगारी टाकतात. शेणीचे निखारे फुलवायचे, त्यावर पुरणपोळीचा घास आणि तूप सोडायचं, धूर वर गेला की पितर जेवले. मी अक्कांना सांजोऱ्यांचं ताट द्यायला गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. अक्कांनी आबांच्या हातात तुपाची म्हणून लोटी दिली. आता वैशाखात आमच्याकडे तूप पाण्यासारखं पातळ असतं. आणि आबांनी आदल्या दिवशी गाळलेल्या तेलाचा नमुना बघायला तसल्याच पितळी लोटीत काढून तिथेच फळीवर ठेवला होता. त्या कोठीघरात सगळ्याच वस्तूंना एकच वास, मग अक्कांना तरी कसं कळावं?

आबांनी डोळे मिटले, वडिलांचं नाव घेतलं आणि पळी सोडली. निखाऱ्यांतून जो धूर उठला तो मी जन्मात पाहिला नव्हता. अक्का तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "थांबा." मी खोकत मागे सरले. आणि आबा शांतपणे डोळे मिटूनच होते. त्यांनी दुसरी पळी सोडली. भडका उठला तो वरच्या दांडीपर्यंत. तेव्हा त्यांनी डोळे उघडले, जाळाकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "बाप खूश व्हयना."

मी हसले. मला हसायला नको होतं. कारण अक्का हसल्या नाहीत. त्यांच्या सासऱ्यांनी त्यांना लेकीसारखं वागवलं होतं, आणि त्यांच्या घासावर असं तेल पडलं, वर नवऱ्याने विनोद केला. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या पिंपशी संसार करा." दुपारी गाठोडं बांधून दोंडाईच्याला माहेरी गेल्या.

आखाजीला बाई माहेरी गेली तर कुणी काही विचारत नाही, सगळ्याच जातात. म्हणून पंधरा दिवस गावाला काही कळलंच नाही. मग सगळ्या लेकी सासरी परतल्या, पेरणी झाली, निंदणी झाली आणि अक्का काही आल्या नाहीत. भाऊ निरोप घेऊन आला तो असा, की ज्या घरात तेलाचा वास आहे त्या घरात ती पाऊल टाकणार नाही.

दुसऱ्या दिवशी सुतार परत आला. चौकट निघाली, पिंप बाहेर आलं. आबांनी खळ्यात त्याच्यासाठी खोपट बांधलं, वर छप्पर, खाली दोन ओंडके. कोठीघराची जमीन खणून नवी माती घातली, शेणाने सारवलं, निंबाचा पाला जाळला. आणि मग ते आमच्या ओट्यापाशी येऊन सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, तुमनी सूननं नाक घटकाभर द्या."

मला तेव्हा तिसरा महिना होता. फोडणीचा वास आला तरी पोटात ढवळायचं, आणि माझ्या नाकाची कीर्ती गल्लीभर झाली होती. कुणाच्या घरी दूध उतू गेलं तरी मी आमच्या न्हाणीकडे धावायची. मी डोक्यावर पदर घेऊन त्या कोठीघरात गेले, एक श्वास घेतला आणि तशीच बाहेर येऊन गोठ्यापाशी ओकले. आबा खोरं घेऊन परत आत गेले.

मग दर आठवड्याला माझं नाक मागायला यायचे. भिंती खरवडल्या, चुना दिला, ऊद जाळला. एकदा तर जमिनीवर कांद्याची साल पसरून ठेवली, कुणीतरी सांगितलं म्हणून. मी आत जायची, ते दाराशी उभे राहायचे, निकाल ऐकायला उभं राहतात तसे. "खरं सांग, माय. येस का?" मी म्हणायची, "येतो, आबा." मातीची भिंत ती, प्यायलेलं तेल लवकर सोडत नाही.

सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, नाही येत म्हण की एकदा. बापडा आणायला तरी जाईल तिला." पण मला खोटं बोलवेना. अक्का आल्या असत्या आणि उंबऱ्यातून परत फिरल्या असत्या, तर मग कायमच्या.

पोळ्यानंतर एकदा मी गेले तेव्हा मला आत शिरताच काही वाटलं नाही. एका कोपऱ्यात मात्र, फळीखाली, तो वास होता. चांगला दाट. मी आबांना हाताने खूण करून तिथे बोलावलं. म्हटलं, "इथे बघा, इथलीच भिंत राहिली." आबा वाकले, नाक लावलं आणि म्हणाले, "हां, हां." पण त्यांनी नाक लावलं होतं दुसऱ्याच जागी, आणि तिथे नुसता कोरा चुना होता.

मी बघत राहिले. आबांच्या लक्षात आलं. ते तिथेच खाली बसले.

"मनं नाक गयं, माय," ते म्हणाले. "दोन वरीस व्हयनात."

मग मला एकेक उलगडलं. मागल्या नांगरणीला ज्या तेलाला चोख म्हणाले होते त्यात पाणी निघालं, ट्रॅक्टर शेताच्या मधोमध खोकून उभा राहिला, आणि आबा म्हणाले होते की जमीनच वाईट आहे. पापड नाकाखाली धरला तरी "चांगला शे." आणि आगारीचा तो धूर. बाप खूश झाला म्हणाले ते थट्टेने नव्हतं. भडका दिसला, वास आला नाही, त्यांना खरंच तसं वाटलं.

"मग अक्कांना सांगितलं का नाही?"

"ती रोज म्हने, वास येस. मी म्हनू, कसाना. तिले वाटे मी थट्टा करस." जमिनीवर बोटाने रेघा ओढत ते बोलत होते. "आनि तेल चाखनारानं नाक गयं, हाई गावले कसं सांगू?" मग म्हणाले, "तिना हातनी भाजीना वास बी नही येस, माय. हाई तिले कसं सांगू?"

मी कधी शाळेत गेले नाही. दिराच्या पुस्तकांतून एकटीने अक्षरं लावत होते, आणि गल्लीत कार्ड लिहू शकणारी बाई मी एकटीच. दुसऱ्या दिवशी आबांनी मला कार्ड आणून दिलं आणि मजकूर सांगितला. पिंप खळ्यात नेलं. चुना दोन हात दिला. फळी नवीन बसवली. खोपटाचं छप्पर गळत नाही. असं सगळं पिंपाचंच. मी विचारलं, "आणखी काही?" म्हणाले, "नही. बठ्ठं उनं." बठ्ठं म्हणजे सगळं आलं.

मी शेवटी जागा होती तिथे माझ्या मनाने एक ओळ घातली. आबांना दोन वर्षं कशाचाच वास येत नाही, तुम्ही म्हणायच्या तो त्यांना कधी आलाच नाही. अक्षरं वाकडी होती, शेवटचे शब्द पत्त्याच्या बाजूला गेले. ते माझं पहिलं पत्र. टाकलं आणि आठ दिवस मला धड झोप नाही. दुसऱ्याच्या संसारात बोट घातलं, सासूबाईंना कळलं तर काय, आबांना कळलं तर काय.

नवव्या दिवशी अक्का आल्या. एकट्याच, स्टेशनवरून कुणाच्या तरी गाडीत बसून. आबा शेतात होते. अक्का उंबऱ्यापाशी थांबल्या, कोठीघराच्या दारातून आत डोकावल्या. मी भिंतीआडून बघत होते, कारण त्या कोपऱ्यात वास होता हे मला ठाऊक होतं. त्यांनाही आलाच असणार. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं आणि चुलीकडे वळल्या.

संध्याकाळच्या आत कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांच्या भरताचा वास गल्लीभर सुटला. मला आता ढवळत नव्हतं, उलट तोंडाला पाणी सुटलं. आबा शेतातून आले, चुलीशी अक्का दिसल्या. हातपाय धुवायचे विसरले आणि पानावर बसले. त्यांचं माजघर आमच्या भिंतीला लागून, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. खरं सांगायचं तर मी कान लावूनच उभी होते.

अक्कांनी ताट सरकवलं, आणि मग मी कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात, हळूहळू, सांगायला लागल्या.

"वांगानं भरीत शे. पऱ्हाटीवर भाजेल शे, धूरना वास येस."

आबांनी ताट जवळ ओढलं.

"मिरची तिखी शे. नाकमा चढस. लसूण जरा करपना, तोबी वास येस."

"आनि?" आबांनी विचारलं.

"आनि कोथमेर शे. आते तोडी आनी, वल्ली शे."

"आनि?"

अक्कांनी पेल्यात पाणी ओतलं.

"आनि तुमना आंगले तेलना वास येस," त्या म्हणाल्या. आबा उठत असावेत, कारण पाट सरकल्याचा आवाज आला. "बसा. जेवा आते, थंड व्हई राहिनं."