लिफ्टमधल्या बाईची शब्दसूची

"कादंबरी आवडली हो मला," संपादिका फोनवर म्हणाली, "पण ही बाई कुठली आहे तेच कळत नाही."

"लिफ्टमधली आहे," लेखिका म्हणाली.

ते खरंच होतं. लेखिका बावीस वर्षं सरकारी खात्यात लिफ्ट तपासायचं काम करत होती. दोर झिजलाय का, ब्रेक लागतो का, हे बघायचं आणि सही करायची. जेवणाच्या सुट्टीत रोज चार ओळी, असं करत सहा वर्षांत तिनं कादंबरी पुरी केली होती. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये नऊ माणसं अडकतात आणि त्यांतली एक बाई नेमकी लिफ्ट तपासणारी निघते, अशी गोष्ट. एकेकाळी या देशावर राज्य करून गेलेल्या लोकांच्या एका प्रकाशनानं 'वसाहतोत्तर स्त्रीलेखन' नावाची माला काढली होती. तिच्यात ही कादंबरी भाषांतर करून घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. इथलं सगळं काम ही संपादिका बघायची.

"तसं नव्हे. संस्कृतीनं कुठली? आमच्या वाचकाला जरा अडखळायला हवं असतं."

"का बरं?"

"म्हणजे आपण लांब आलोय असं वाटतं त्याला. मग शेवटी शब्दसूचीत उलगडा होतो. मालेतल्या प्रत्येक पुस्तकाला आहे. निदान चाळीस शब्द द्या. शुक्रवारपर्यंत नाही आले, तर यंदाची जागा दुसऱ्या बाईंना जाईल. त्यांच्या पहिल्याच वाक्यात आजी आहे."

लेखिकेनं दोनशे बारा पानं पुन्हा चाळली. लिफ्ट, ब्रेक, फाइल, बटण. "अहो, यातले निम्मे शब्द त्यांचेच आहेत," ती नवऱ्याला म्हणाली. "त्यांचेच शब्द त्यांना समजावून सांगू?"

नवरा छापखान्यातून निवृत्त झालेला मुद्रितशोधक. घरात बसून त्याला करमत नव्हतं. तो म्हणाला, "दे इकडे. मी काढतो."

त्यानं दोन दिवसांत चौदा शब्द काढले. नऊ माणसांपैकी एकीला घरी सासू होती, तेवढ्या धाग्यावर सासू, सून, नणंद, अगं, अहो असं काय काय निघालं. 'सासू : नवऱ्याची आई,' त्यानं लिहिलं. संपादिकेनं ते परत पाठवलं. "फार कोरडं आहे हो. अनुभव घाला."

लेखिका तेव्हा आठ मजली इमारतीची तपासणी करून, तीही लिफ्ट बंद असल्यानं जिन्यानं, घरी आली होती. तिनं तिरीमिरीत समासात लिहिलं, 'न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं देणारी व्यक्ती.' आणि आंघोळीला गेली.

कागद जेवणाच्या टेबलावर राहिला. टेबलावर आलेला कागद सासूबाई वाचल्याशिवाय सोडत नसत. आतापर्यंत सुनेची कादंबरी तेवढी वाचनातून सुटली होती, कारण ती सुनेच्या कपाटात असायची. त्यांनी चष्मा लावला, मुलाची लाल पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'सून : जिला सहा वर्षं आयतं ताट मिळाल्यामुळे कादंबरी सुचते ती.'

नवऱ्याचा एक नियम होता. कागदावर केलेली कोणतीही खूण गाळायची नाही, घालायची. छापखान्यात चाळीस वर्षं त्यानं तो पाळला होता. त्यानं दोन्ही दुरुस्त्या घालून नवी प्रत काढली आणि पुन्हा टेबलावर ठेवली.

"आई, हे तुम्ही लिहिलंत?" लेखिकेनं विचारलं.

"खोटं आहे का?"

"मी रविवारी स्वयंपाक करत नाही?"

"करतेस ना. म्हणून तर मी सोमवारी थोडं हलकं खाते."

पुढचं सगळं कागदावरच झालं. लेखिकेनं 'रविवार' हा शब्द घातला. सासूबाईंनी त्याखाली 'खारट' घातला. 'अहो' या शब्दाला लेखिकेनं 'एकदा हाक मारून उपयोग होत नाही' असा अर्थ दिला. सासूबाईंनी तिथं 'हे मात्र बरोबर' असं लिहिलं. नवऱ्यानं तेही घातलं. गुरुवारी लेखिकेनं संतापून पानभर आडवं 'पुरे!' लिहिलं. नवऱ्यानं ते 'प' मध्ये नेऊन नीट बसवलं.

शुक्रवारी त्यानं सगळं पाठवून दिलं. एकशे सहा शब्द, त्रेपन्न पानं. लेखिकेला ऑफिसातून आल्यावर कळलं.

"तुम्ही वाचलंत तरी का काय पाठवलंत ते?"

"तीनदा वाचलं. एक चूक सापडणार नाही."

सोमवारी संपादिकेचा फोन आला. सासूबाईही ऐकायला बसल्या होत्या, म्हणून तो मोठ्या आवाजावर होता.

"अहो, हेच तर हवं होतं आम्हाला! दोन बायका एकमेकींचे शब्द खोडतायत! आम्ही हेच पुस्तक म्हणून काढतोय. 'पुरे!' वाचून तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

"माझ्याही आलं होतं," लेखिका म्हणाली. "आणि कादंबरी?"

"ती राहील ना. मागे, बारीक टायपात. संदर्भ म्हणून."

सहा वर्षांच्या जेवणाच्या सुट्ट्या मागे, बारीक टायपात. सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन स्वतःकडे ओढला.

"हे बघा बाई, मी सासू बोलतेय. निम्मे शब्द माझे आहेत. तिची कादंबरी पुढं घाला, मोठ्या टायपात, नाहीतर माझे शब्द मला परत करा. नुसत्या भांडणाचं पुस्तक काढताय होय? आमच्या घरात भांडणाशिवाय दुसरंही होतं."

संपादिकेनं दोनदा 'पण अहो' म्हणून पाहिलं. मग कादंबरी पुढं आली.

"आई... तुम्ही तर ती वाचलीही नव्हती."

"शनिवारी कपाटातून काढली. तू तपासणीला गेली होतीस. चांगली आहे. पण नऊ माणसं अडकली आणि एकालाही घरी फोन करावासा वाटला नाही? त्यांतल्या त्या सुनेची सासू काय करत असेल तिकडे?"

लेखिकेनं हळूच शेजारच्या खोलीत डोकावलं. दोनशे बारा पानं टेबलावर होती. पहिल्या पानापासूनच समास लाल झाले होते. नवऱ्यानं बाह्या सरसावल्या होत्या आणि तो सतराव्या पानापर्यंत पोचला होता.